साठच ठेव

साठच ठेव, श्रेयांस.
त्र्याहत्तर आणलायस, मोजले मी
तू शेंगा खात होतास तेव्हा.
नियमात बसतात, होय की,
खरं बसतात म्हणून घ्यायचे नसतात.
वडगावच्या बसमध्येही सगळे बसतात,
उतरताना कळतं
आपली पिशवी कुणाच्या पायाखाली आहे.

हा बघ तुझा ड्रॅगन.
नऊ एनर्जी मागतो.
चकाकतो छान, ट्यूबलाइटखाली तिरका धरला
तर हिरव्याचा जांभळा होतो.
असे सहा घातलायस.
पहिल्याच हातात तीन आले तर?
धरून बसशील,
लग्नात स्टेजची रांग हलत नाही
तेव्हा पाकीट धरून बसतात तसा,
आणि समोर सौजन्या हिरेमठ,
सातवीतली, केसांना दोन रंगांचे रबरबँड,
एकेका एनर्जीचे उंदीर सोडत
चौथ्या फेरीला तुला संपवून
दप्तर आवरायला लागलेली असेल.
तिचा अख्खा डेक दीडशे रुपयांचा.
स्वस्त पत्त्यांना लाजू नको.

मी उद्यमबागेत लेथवर असतो.
तिथं अर्धा सूत जास्त घेतलं
की तुकडा थेट भंगारात, वर बोलणी.
इथं तसं नाही.
काढलेला पत्ता पुढच्या शनिवारी परत घालता येतो,
म्हणून काढ, भिऊ नको.
एकेकाला विचार :
दुसऱ्या फेरीला आलास तर काय कामाचा?
गप्प राहिला तर काढ.
‘खरं एकदा माझ्यामुळंच जिंकलास की’ म्हणाला
तर ते तूच बोलायलास, पत्ता नव्हे.
तरीही काढ.

सराव कुठं करू म्हणालास.
दुसऱ्या गेटवर.
फाटक पडलं की सायकल स्टँडला लाव,
सात उचल, बघ, मिसळ, परत सात.
मालगाडी असली तर पाच-सहा हात होतात.
खेळण्यासारखे किती आले
ते वहीच्या मागच्या पानावर लिही.
दहात चार, तर डेक आजारी.
दहात दहा, तर तू नीट मिसळत नाहीस.

रंग दोनच.
ते आपल्याला काय नवीन?
घरात एक, बाजारात दुसरा,
बसच्या पाटीवर जो आधी दिसेल तो,
आणि भांडताना दोन्ही.
खरं एक पाया असतो बघ,
ठेच लागल्यावर तोंडातून येतो तो.
त्या रंगाचे जास्त घे, दुसरा मदतीला.
तिसरा हौसेचा.
हौस पुढच्या वर्षी.

आणि बेंगळुरूच्या पोरानं जिंकलेली यादी
जशीच्या तशी उतरवून आणू नको.
त्याच्यासमोर कोण बसतं देव जाणे,
इथं बसवप्रभूच्या मोबाईल कव्हरांच्या दुकानात
आपण साडेसहा जण,
सातवा तोच, निम्मा वेळ गिऱ्हाइकं बघतो.
साडेसहांना हरवायचा डेक बांध.

ड्रॅगन मात्र विकू नको.
बसवप्रभू तीनशे देतो म्हणेल,
हसून चारशेही म्हणेल.
डब्याच्या झाकणात ठेव.
माझ्या झाकणात बघ,
कोपरे गेलेला हा मेंढपाळ.
कधीच कामाचा नव्हता.
इराप्पानं दिला, हुबळीला जायच्या आदल्या दिवशी,
बदल्यात माझा चांगला वाघ घेऊन.
महिन्यातून एकदा साठात घालतो
आणि हरतो.
तू अजून तसं करू नको,
त्याच्याआधी जिंकता यायला पाहिजे.

चल, मिसळ.
सौजन्या आली बघ,
चार्जर बाजूला सारून काउंटरवर जागा करायलीय.
इन्नोंद आट? म्हणते.
अजून पहिला झाला नाही आणि ‘अजून एक’ विचारते.
ते दोन शब्द शिकून ठेव.
हरल्यावर तुलाच म्हणायचे आहेत.